वळणापलीकडची बाजू

"हळू," इंजिनिअर अणावकर मॅडम जॅकचा दांडा दाबणाऱ्या माणसाला म्हणाल्या. "अजून थोडं. बास, थांबा."

आम्ही सगळेच थांबलो. डोंगराच्या कापलेल्या अंगातून एक लोखंडी सळई हातभर बाहेर आली होती. तिच्यावर जॅक आडवा बसवला होता आणि तो सळईला बाहेर खेचत होता. सळईच्या टोकाला टेकवलेल्या गोल घड्याळाचा काटा मॅडम वाकून बघत होत्या. सळई केसाएवढी जरी सरकली तरी तो काटा हलायचा. माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या पलीकडे माझा आतेभाऊ सुकुमार. ती सळई त्यानं बसवलेली होती.

आणि मी, चेहऱ्यावर काही न दाखवता, ती निसटायची वाट बघत होतो.

घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापला की मागे जी उभी कड राहते ती कच्ची असते. पावसाळ्यात ती रस्त्यावर येऊ नये म्हणून तिच्यात ओळीनं आडवी भोकं पाडायची, प्रत्येक भोकात तीन-चार माणसांएवढी लांब सळई सारायची आणि भोवती सिमेंटचं पातळ कालवण भरायचं. कालवण घट्ट झालं की माती सळईला धरून ठेवते आणि सळई मातीला. सगळे त्याला नेल म्हणतात. पण माती त्याला किती धरते हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून पुढचं काम सुरू करण्याआधी थोडे नेल मुद्दाम बसवतात आणि उपटून येईपर्यंत ओढून बघतात. आमच्या करंजणी घाटातल्या कामावर त्या दिवशी तेच चाललं होतं.

अण्णांचा मूळ धंदा बोअर मारण्याचा. जयसिंगपुरात आमचं घर. सुकुमारचे वडील गेले तेव्हा पद्माआत्या त्याला घेऊन आमच्याकडे आली आणि राहिली. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. शाळा सुटल्यावर अण्णांनी दोघांनाही मशीनवर घेतलं, आणि पहिल्या वर्षातच आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. विहिरीच्या तळात उतरून भोक घ्यायचं असलं, बोगद्याच्या तोंडाशी मशीन लावायचं असलं, कुठल्या कड्यावर दोर बांधून लोंबकळायचं असलं, की अण्णा म्हणायचे, "तिथं सुकुमार जाईल. त्याला जमतंय." मी वर कॉम्प्रेसरपाशी. डिझेल बघायचं, माणसांच्या जेवणाचं बघायचं, साहेब आले की त्यांच्याशी बोलायचं.

लोकांना वाटायचं, मालकाचा मुलगा आहे, सावलीत बसलाय. मला ती सावली खुपायची. अण्णा मला कधी रागावले नाहीत, पण कधी अवघड काही सांगितलंही नाही. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला बसले की ते सुकुमारला विचारायचे, "आज कसा लागला दगड? पाणी किती हातावर आलं?" आणि सुकुमार घास थांबवून सांगायचा. दोघांचं बोलणं रंगायचं. मला विचारायचे, "डिझेल आहे काय उद्याला?"

एकदा रेल्वेच्या कामावर एका कंत्राटदारानं अण्णांना विचारलं होतं, "यातला तुमचा मुलगा कोणता?" आणि विचारतानाच हात सुकुमारकडे केला होता. मातीनं भरलेला, खांद्यावर दोर टाकलेला सुकुमार हसला. अण्णाही हसले. म्हणाले, "दोन्ही माझीच." त्या दिवशी मी जेवलो नाही. आत्यानं दोनदा विचारलं, पोट बिघडलं काय म्हणून. तिच्या हातचं खायचंसुद्धा मला नको झालं होतं.

करंजणीच्या कामावर मात्र पहिल्यांदाच मला माझं असं काही मिळालं. रस्ता तिथं एक मोठं वळण घेतो. वळणाच्या अलीकडे कोरडा, घट्ट मुरूम. ड्रिल सरळ आत जायचं आणि लाल धूळ उडायची. पलीकडे कडेच्या मधोमध एक झरा पाझरत होता, पावसाळा संपून दिवाळी झाली तरी. तिथली माती पिवळट, चिकट. भोकातून धुळीऐवजी चिखल यायचा. अण्णा पहिल्या दिवशी दोन्हीकडे फिरले. पलीकडची माती त्यांनी मुठीत दाबून बघितली, हात पँटला पुसला आणि म्हणाले, "अलीकडचं श्रेणिक करंल. पलीकडचं सुकुमार."

काम मिळाल्याचा आनंद मला चहा संपेपर्यंतही टिकला नाही. सोपी बाजू मला दिली होती.

त्या चाचणीच्या दिवशी सकाळी आधी माझे नेल ओढले. मॅडमनी सांगितलेला जोर पार झाला, तरी काटा जागचा हलायला तयार नाही. शेवटी कितीतरी जास्त ओढल्यावर पहिला सरकला. मॅडम म्हणाल्या, "छान धरलंय." मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि मॅडमना म्हणाले, "आता पलीकडं चला. खरं बघायचं तिकडंच आहे."

तर तिकडं आम्ही उभे होतो.

"अजून थोडं," मॅडम म्हणाल्या.

दांडा दाबला गेला. काटा हलला. थांबला नाही, हलतच राहिला. जोर वाढवायचा म्हटलं तर वाढेना, सळईच पुढे यायला लागली, साबणातून दोरा ओढावा तशी. ठरलेल्या जोराच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. सुकुमारचा दुसरा नेलही तसाच आला. तिसरा जरा बरा, पण तोही कमीच.

मॅडमनी निघालेल्या सळईवरचा चिखल बोटानं निरपला आणि त्या अण्णांना म्हणाल्या, "कामात चूक नाही. भोक नीट आहे, कालवण पूर्ण भरलंय. ही माती पाण्यानं इतकी मऊ झालीये की सिमेंटला ती धरतच नाही. आधी पाण्याला वाट काढून द्यायला हवी. आडवे पाईप आत सोडा. मग नेल लांब घ्यायचे आणि जवळजवळ. मी नवीन आराखडा देते. तोवर इथं वर माणसं कमी ठेवा. ही कड मला आवडलेली नाही."

कामात चूक नाही, हे त्यांनी म्हणायला नको होतं असं मला वाटलं.

त्या गेल्यावर अण्णा सुकुमारजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माझे नेल टिकले तेव्हा माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता.

मी पुढे झालो. "अण्णा, पलीकडची बाजू मला द्या. पाईप मी सोडतो, नवीन नेलपण मीच घेतो."

"नको," अण्णा म्हणाले.

"का? माझे टिकलेत."

"तुझी माती वेगळी. हितलं सुकुमार करंल."

"त्याचे निसटले तरी त्यालाच?"

माणसं ऐकत होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "अलीकडं तुझं काम पडलंय, ते बघ," असं म्हणून ते जीपकडे गेले. सुकुमार वाकून सळया गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता पलीकडे गेलो. कडेला उंचावर एक अरुंद टप्पा ठेवला होता, त्यावर मशीन लावून सुकुमार पाण्यासाठी भोक घ्यायच्या तयारीत होता. मदतीला असलेल्या माणसाला मी खाली पाठवलं आणि त्याचा दोर माझ्या कमरेला बांधला.

"मामांना विचारलंस?" सुकुमारनं विचारलं.

"नाही."

मला वाटलं, आता हाकलणार. मी तयारीतच होतो. पण त्यानं माझ्या दोराची गाठ ओढून बघितली, सोडवली, पुन्हा नीट बांधली आणि म्हणाला, "डाव्या अंगाला उभा राहा. आवाज बदलला की ड्रिल बंद करायचं. मी सांगायची वाट बघू नकोस."

पहिलं भोक सरळ गेलं. त्यातून पाणी आलं, आधी गढूळ, मग निवळ. सुकुमारनं ओंजळीत धरून मला दाखवलं आणि हसला. मीही हसलो. हातात मशीनची धडधड होती, अंगावर चिखल उडत होता, आणि मला वाटत होतं की इतकी वर्षं हेच माझ्यापासून लपवून ठेवलेलं होतं.

दुसरं भोक अर्धं झालं तेव्हा खाली जीप येऊन थांबली. अण्णा उतरले. त्यांनी वर बघितलं, आणि मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला असावा. मग ते हात करायला लागले, खाली ये म्हणून. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्याच वेळी मशीनचा आवाज बदलला. एकदम हलका झाला, आत काहीच नसल्यासारखा. मी ड्रिल बंद करेपर्यंत भोकातून पाण्याचा लोट आला, मनगटाएवढा जाड. सुकुमार वर बघत होता. मीही बघितलं. आमच्या डोक्यावर कडेला एक चीर पडली होती, आणि बघता बघता ती रुंद होत होती.

मी डावीकडे सरकलो. सुकुमारला सरकायला जागा नव्हती. त्याच्या एका बाजूला मशीन होतं आणि दुसऱ्या बाजूला तो लोट. जीपएवढा मातीचा लगदा सुटला आणि खाली आला.

आणि खालून अण्णांचा आवाज आला. "श्रेणिक, बाजूला सर. श्रेणिक. श्रेणिक."

एवढंच ते ओरडत होते.

मातीचा मोठा भाग मशीनवर पडला, त्यामुळे आम्ही वाचलो. मशीन टप्प्यावरून खाली गेलं. सुकुमार मांड्यांपर्यंत चिखलात गाडला गेला होता, दोरानं धरून ठेवलेला. मी कडेला पाठ चिकटवून उभा होतो. मला खरचटलंही नव्हतं.

अण्णा वर येत होते. साठी उलटलेला माणूस, ज्या शिडीवरून आम्ही बेतानं चढायचो तिच्यावरून ते हातापायांनी आले. टप्प्यावर आल्यावर आधी सुकुमारच होता. ते त्याला ओलांडून आले. खरंच ओलांडून आले. त्याच्या पुढ्यातल्या चिखलात एक पाय रोवून दुसरा उचलला आणि माझ्यापर्यंत पोचले. माझं डोकं चाचपलं, हात चाचपले, "लागलं काय, कुठं लागलं, बोल," असं म्हणत राहिले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

त्यांच्या खांद्यावरून मला सुकुमार दिसत होता. दोन्ही हातांनी तो स्वतःचा एक पाय चिखलातून उपटत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. रोजची एसटी रोजच्या वेळेला यावी तसा तो बघत होता. मग तो दुसऱ्या पायाला लागला.

"अण्णा, सुकुमार," मी म्हणालो.

"हां, हां," ते म्हणाले आणि वळले.

संध्याकाळी आम्ही दोघं झऱ्याच्या खालच्या अंगाला हातपाय धुवायला गेलो. सुकुमारचा गुडघा सुजला होता. पाणी चांगलंच गार होतं, तो पाय त्यात सोडून बसला.

"मला वाटायचं, अण्णा तुला मान देतात," मी म्हणालो. "अवघड जागा तुला देतात म्हणून."

"मलापण आधी तसंच वाटायचं," सुकुमार म्हणाला.

"मग?"

"विहीर पडली ती आठवते काय?"

मला आठवत होती. आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या विहिरींवर होतो, त्याच वर्षी मी पहिल्यांदा हट्ट करून विहिरीत उतरायला लागलो होतो. सुकुमारच्या विहिरीची एक बाजू ढासळली आणि तो छातीपर्यंत गाडला गेला. चार माणसांनी मिळून त्याला काढलं.

"दुसऱ्या दिवशी मामांनी तुला तुझ्या विहिरीवरून बोलावून घेतलं," सुकुमार म्हणाला. "कॉम्प्रेसरवर बसवलं. त्यानंतर तू कधी खाली उतरला नाहीस."

"माझं काम त्यांना पसंत नव्हतं म्हणून."

"तुझ्या जागी दुसऱ्या दिवशी तुझ्या विहिरीत कोण उतरलं?"

तोच उतरला होता.

"बरगड्या दुखत होत्या," तो म्हणाला. "मामा म्हणाले, सुकुमारला जमतंय. तेव्हा मला कळलं. मग वर बघायचो तेव्हा तू दिसायचास, कॉम्प्रेसरच्या बाजूला, डोक्याला टॉवेल गुंडाळून. इतका जळायचो तुझ्यावर, की कधीकधी वाटायचं वर दगड भिरकावावा."

"माझ्यावर?"

"मग कुणावर?"

तो हसला. मला हसता आलं नाही. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघून जळत होतो आणि तो खालून माझ्याकडे बघून. आणि दोघंही एकाच घरात समोरासमोर बसून जेवत होतो.

"मग गेला का नाहीस?"

"आईला कुठं न्यायचं होतं तेव्हा?" त्यानं पाय पाण्याबाहेर काढला, गुडघा दाबून बघितला. "मामा वाईट नाहीत. शाळेत घातलं, आईला घरात मान दिला. ताटात कधी दुजाभाव केला नाही. फक्त निवड करायची वेळ आली की... आज तू ऐकलंसच." तो उठला. "चल. मामा जेवायचे थांबले असतील, दिवस बुडतोय."

मॅडमच्या नव्या आराखड्याप्रमाणे आधी पाण्याला वाट काढली, मग लांब नेल घातले. पलीकडची बाजू सुकुमारनंच पुरी केली. या वेळी मी त्याच्याबरोबर होतो. अण्णा रोज खाली रस्त्यावर उभे राहायचे, पण मला उतर म्हणाले नाहीत. मॅडमनी पुन्हा नेल ओढून बघितले, ते टिकले. त्या कडेखालून गाड्या अजून जातात, मीही कितीदा गेलोय.

काम उरकल्यावर सुकुमारनं अण्णांना सांगितलं की आता तो स्वतंत्र करणार. अण्णा म्हणाले, माझं एक मशीन घेऊन जा. तो नको म्हणाला. आज कोकणात त्याची कामं चालतात. कुठल्या नव्या कामाची चौकशी करायला गेलो आणि साहेब म्हणाले, सुकुमार मगदूम आधीच बघून गेलेत, की माझं जळणं अजून जागं होतं. सगळं कळल्यावर ते जायला हवं होतं. गेलं नाही. फक्त आता मला त्याच्या हिमतीचा हेवा वाटत नाही. तो कुणाचं काही देणं न लागता निघून गेला, त्याचा वाटतो.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावरचं उरलेलं सामान बघून अण्णांना घेऊन मी घाटातून घरी येत होतो. उतार संपला. मग म्हणाले, "तू काही बोललास काय त्याला?"

"मी नाही, अण्णा."

"मग एकाएकी काय झालं त्याला?"

"तुम्ही हाक मारली होती," मी म्हणालो. "माती आली तेव्हा."

त्यांनी कुठली हाक म्हणून विचारलं नाही. समोर एक ट्रक होता, मी तो पुढे जाऊ दिला. मग अण्णा बोलले, ते माझ्याशी नव्हतंच जणू.

"पद्माला ठाऊक असंल काय?"

"मला माहीत नाही."

"काल घरी तिनंच वाढलं मला," अण्णा म्हणाले. "रोजच्यासारखं. भाकरीवर लोणी घातलं. काही बोलली नाही." आणि घर येईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले.